मझार कोन व्हतं?

१

दोन घरं उरकली होती. एक अमळनेरकडचं, एक पारोळ्याजवळचं. आता अभिमनचं तेवढं राहिलं होतं, आणि गिरधरने ते मुद्दामच शेवटी ठेवलं होतं.

पूर्वेकडच्या डोंगरांतल्या ठाण्यावर बंडखोरांनी हल्ला केला, त्यात अकरा जवान गेले. त्यांतले तीन खानदेशचे. गिरधरच्या दंडात गोळी शिरली होती. दोन महिने इस्पितळात काढून तो सुट्टीवर निघाला, तेव्हा साहेब म्हणाले, तुझ्याच मुलखातली माणसं आहेत, त्यांच्या पेट्या तूच पोचव. तेव्हापासून त्याचं काम ठरून गेलं होतं. पत्र्याची पेटी ओसरीवर ठेवायची. पाणी प्यायचं. आईबाप समोर येऊन बसले की सांगायचं: जेवणाच्या रांगेत उभा होता, छातीत गोळी लागली, फार त्रास झाला नाही. पाणी मागितलं, मी पाजलं. माझ्या मांडीवर गेला.

दोन्ही घरी हेच सांगितलं. दोन्ही घरच्या आयांनी त्याच्या झोळीतल्या हातावरून हात फिरवला आणि त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

ब्याण्णव सालचा वैशाख होता. चाळीसगावहून धुळ्याच्या पॅसेंजरने तो शिरूडला उतरला आणि पेटी खांद्यावर घेऊन पाऊण कोस चालला. गावात कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. अभिमनचं घर धाब्याचं, मातीच्या भिंतींचं. ओसरीवर त्याची आई धुरपदाबाई बसली होती आणि तिची पाठ आतल्या खोलीच्या दाराला टेकलेली होती. दाराला बाहेरून कडी होती.

"बठ भाऊ," ती म्हणाली. "तू गिरधर ना? त्यानी सांगं व्हतं तू येशी."

अभिमनने पत्रात कधी लिहिलं असेल, असं गिरधरला वाटलं. अभिमनची थोरली बहीण वच्छलाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. गिरधर पाणी प्यायला आणि त्याने सांगायला सुरुवात केली. आता ते त्याला पाठ झालं होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हेसुद्धा.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही. मग अगदी साध्या आवाजात, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी म्हणाली, "छातीमा नही रे भाऊ. पहिली गोळी मांडीले लागनी. उजवी मांडीले."

गिरधरने तांब्या खाली ठेवला. पलटणीच्या पत्रात छातीच लिहिली होती. ते पत्र त्याने स्वतः वाचलं होतं.

"तुले कोनी सांगं, माय?"

"तोच सांगस," धुरपदाबाई म्हणाली. "दुपारले येस ना रोज."

२

खरं काय झालं होतं, ते पुरतं गिरधरशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

मार्चची अठरा तारीख, दुपारचे पावणेबारा. अर्धी तुकडी रस्त्याच्या गस्तीवर गेलेली. बाकीचे लंगरपुढे थाळ्या घेऊन रांगेत उभे होते. राशनच्या कोठीवर त्या दिवशी पहूरच्या छगनची पाळी होती. गिरधरला सुट्टी होती. छगन म्हणाला, "अर्धा तास बस रे इथं, मी ओढ्यावरून आंघोळ करून येतो." गिरधर बसला. छगन टॉवेल घेऊन उतार उतरून गेला. एवढीच ती गोष्ट. रांगेतल्या कोणालाही हा बदल ठाऊक नव्हता.

भाजीचा ट्रक नेहमीच्या वेळी आला. फाटकावरच्या पहारेकऱ्याने ड्रायव्हरच्या अंगावरचा फौजी सदरा पाहिला आणि आडवा बांबू वर केला. ट्रक लंगरपासून वीस पावलांवर येऊन थांबला, मागची ताडपत्री वर गेली, आणि आतून मशीनगन सुरू झाली.

गिरधरने दारातून पाहिलं. रांग उभी होती तशीच पडली, एका दोरीत ओवलेली असावी तशी. डाळीच्या पातेल्याला भोकं पडली आणि पिवळ्या धारा सुटल्या. आचाऱ्याचा जबडा उडाला, तरी तो पळीने काहीतरी ढवळत राहिला. मग ट्रकमधून माणसं उतरली आणि पडलेल्यांतून फिरू लागली. जो हलत होता त्याच्याजवळ ती थांबत. थांबली की आवाज येई.

गिरधरने पत्र्याचं दार लोटलं आणि लोखंडी आडणा घातला. त्याच्याजवळ बंदूक नव्हती. तांदळाच्या पोत्यांमध्ये तो दाराला खांदा लावून बसला.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. खाली, गुडघ्याच्या उंचीवर. उभा माणूस तिथे थाप मारत नाही.

"छगन! खोल भाऊ. मैं हूँ, अभिमन. छगन!"

गिरधरने श्वास रोखला. आडणा काढायचा, दार हातभर उघडायचं, ओढून घ्यायचं, परत आडणा घालायचा. मनातल्या मनात त्याने ते चार वेळा केलं. हात मात्र हलला नाही.

"छगन, मांडीला लागलंय रे. फक्त आत घे."

बाहेर बुटांचे आवाज जवळ आले. सावकाश. थाप थांबली. मग अभिमन हिंदी, मराठी सगळं विसरला. "माय वं," तो म्हणाला, "माय वं, माय," आणि पत्र्याला पंधरा भोकं पडली. प्रत्येक भोकातून उन्हाची एक काडी आत आली. अभिमनमधून पार झालेली एक गोळी दारातून येऊन गिरधरच्या दंडात रुतली. तो ओरडला नाही. दाराखालून रक्त आलं आणि पोत्यांपर्यंत पोचून तांदळात मुरत गेलं.

पाऊण तासाने गस्तीची तुकडी परतली. तिच्या गाड्यांचा आवाज आल्यावर गिरधरने आडणा काढला. अभिमन दाराला टेकूनच होता, तो आत कोसळला. गिरधरने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तसाच बसलेला तो साहेबांना सापडला, आणि मांडीवरची गोष्ट तिथून तयार झाली.

छगन वाचला. गोळ्यांचा आवाज येताच तो ओढ्याच्या पाण्यात नाकापर्यंत बुडून राहिला होता.

३

ती रात्र गिरधरने ओसरीवर काढली. सकाळी म्हातारीला पेन्शनच्या कागदांसाठी धुळ्याला न्यायचं होतं. पडल्या पडल्या तो हिशेब लावत राहिला. म्हातारीला मांडीचं कोणी सांगितलं? आचारी सांगू शकत नव्हता, त्याला आता बोलताच येत नाही. बाकी पाहणारे मेले होते. अंत्यविधीच्या वेळी कोणी शिपाई बोलून गेला असेल. शवपेटी उघडली असेल. तसंच असणार.

"शवपेटी उघडली होती का, अक्का?" सकाळी बसमध्ये त्याने वच्छलाबाईला विचारलं.

"उघडू नही दिन्ही," ती हळूच म्हणाली. "तुम्ही मायनं मनवर लेऊ नका भाऊ. तिनं डोकं ठिकाने नही."

कचेरीतल्या कारकुनाने चार ठिकाणी अंगठे घेतले आणि एका शिक्क्यासाठी थांबायला सांगितलं. अकरा वाजले तशी धुरपदाबाई उठून उभी राहिली. "बारा वाजाना आधी घर जावाले पाहिजे." शिक्का राहिला. परतीच्या बसमध्ये ती पुढचा दांडा धरून उभीच होती. बस फाट्यावर थांबताच सत्तर वर्षांची ती बाई तव्यासारख्या तापलेल्या वाटेने जवळजवळ धावत सुटली.

वच्छलाबाई दारापर्यंत आली, घागर घेतली आणि शेजारी निघाली.

"तुम्ही कुठे?" गिरधरने विचारलं.

"मी दुपारले घरमा थांबत नही," ती म्हणाली, आणि तिने त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

म्हातारीने ताटात कळण्याची भाकर आणि ठेचा घेतला, आतल्या खोलीची कडी काढली आणि ती आत गेली. दार मागे ओढून घेतलं. गिरधर ओसरीवर बसून राहिला. समोरच्या निंबाचं एक पान हलत नव्हतं. मग आतून आवाज आला. जड काहीतरी जमिनीवरून ओढल्याचा. ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. म्हातारी धान्याचं पोतं सरकवत असेल. पण तिच्या बांगड्या एका जागी वाजत होत्या आणि ओढल्याचा आवाज दुसऱ्या भिंतीकडून येत होता.

ती बाहेर आली. "तो म्हनस, लंगरथून कोठीलगून तो सरपटत गया. तू व्हता का तठे?"

"मी लंगरपाशी व्हतू, माय."

ती पुन्हा आत गेली. आत दोन आवाज नव्हते, एकच होता, तिचा. ती थांबायची, ऐकायची, हुंकार द्यायची. पुन्हा बाहेर आली.

"तो म्हनस, कोठीनं दार बंद व्हतं. मझारथून आडणा व्हता."

"व्हई."

"तो इचारस, मझार कोन व्हतं?"

आत कोण होतं, एवढंच विचारताना तिच्या तोंडावर राग नव्हता. संशय नव्हता. निरोप पोचवणाऱ्या बाईचं तोंड होतं ते. गिरधरने तिच्या खांद्यावरून पाहिलं. दार वीतभर उघडं राहिलं होतं आणि त्या फटीतला अंधार गुडघ्याच्या उंचीवर जरा जास्त दाट होता.

आत्ता सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. दोन शब्द होते.

"छगन," तो म्हणाला. "त्या दिन छगननी पाळी व्हती, माय. पहूरना छगन."

पाळी छगनचीच होती. एवढं तर खोटं नव्हतं.

म्हातारी आत गेली. या वेळी फार वेळ लागला. मग ओढल्याचा आवाज मागच्या भिंतीकडे गेला आणि थांबला, आणि घर एकदम मोकळं वाटू लागलं, पाहुणा उठून गेल्यावर वाटतं तसं. धुरपदाबाईने दार सताड उघडलं. आत रिकामी खाट, धान्याची कणगी, न शिवलेली भाकर. शेणाने सारवलेल्या जमिनीवर एक ताजी रुंद रेघ, खाटेपासून भिंतीपर्यंत.

"गया तो," ती म्हणाली. "तो म्हने, मीबी छगनलेच हाका मार्‍या व्हत्यात. पहूरले जास म्हने."

४

वेड्या बाईचं बोलणं, असं गिरधर स्वतःला सांगत राहिला. त्याच संध्याकाळी चाळीसगावला उतरून त्याने आपल्या गावाकडे जाणारी भडगावची बस पकडायला हवी होती. तो स्टेशनवरच बसून राहिला. पहाटेच्या गाडीने पाचोरा, तिथून जामनेरची छोटी गाडी. रूळ इतके वाकडेतिकडे होते की गाडी माणसाच्या चालीने जात होती. छगनला गाठायचं, सांगायचं, की असं असं बोलून बसलो. एवढंच ठरवलं होतं. त्यापुढचं काही ठरवलं नव्हतं.

पहूरला पोचायला साडेअकरा वाजले.

छगन धडधाकट होता. अंगात बनियन, हातात केळीचा घड. गिरधरला पाहून त्याने तो खालीच टाकला. "अरे, तू! लताबाई, बघ कोण आलं! यानंच माही जागा घेतली व्हती त्या दिवशी. मी आंघोळीला गेलो नसतो तर ह्या ओसरीवर आज माही पेटी आली असती." तो हसला, मग त्याचे डोळे भरले. "तुह्या हाताले माह्यामुळं लागलं रे."

"तसं नाही," गिरधर म्हणाला.

"मले झोप लागत नाही. तू आत एकटा, अन् मी पाण्यात बसून राह्यलो. अभिमन दाराशी गेला म्हणतात. तुले त्याची हाक नाही आली?"

छगनच्या बायकोने, लताबाईने, उन्हाच्या झळा येतात म्हणून दोघांना आत घेऊन दार लावलं आणि ती चुलीकडे वळली. गिरधरने तोंड उघडलं.

दारावर थाप पडली. खाली, गुडघ्याच्या उंचीवर.

"शेळी असंल," लताबाई म्हणाली.

पुन्हा थाप. तीन वेळा. मग काही नाही. मग पुन्हा. छगन उठला. त्याच्याजवळ घाबरायचं काही कारणच नव्हतं. तो उठला तो कोणीही आपल्या घराचं दार उघडायला उठतो तसा उठला. खोली ओलांडायला त्याला पाच पावलं लागली, आणि त्या पाच पावलांत गिरधरला बोलता आलं असतं. उघडू नकोस, एवढं तरी. किंवा दाराकडे तोंड करून नुसतं, मी होतो. थापेच्या आवाजाने त्याचा श्वास आपोआप बंद झाला होता, कोठीत झाला होता तसाच.

छगनने दार उघडलं. पांढरं ऊन आत आलं. गिरधरला उंबऱ्यापलीकडे काहीच दिसलं नाही, पण छगनचा चेहरा बाजूने दिसला. तो आधी चक्रावला, मग उजळला.

"अरे, तू?" छगन म्हणाला. "खाली काऊन पडला? ये, आत ये."

आणि कोणाला तरी उचलून घ्यायला तो दोन्ही हात पुढे करून वाकला.

पत्र्यावर खिळे ओतावेत तसा आवाज झाला. एकदाच. छगनची पाठ कमानीसारखी वर आली, पाय जमिनीवरून सुटले आणि तो मागे आदळला, इतक्या जोराने की भिंतीवरची भांडी खाली आली. नाकातोंडातून रक्ताचा लोट गेला. टाचा जमिनीवर वाजत राहिल्या. लताबाई किंचाळत त्याच्या अंगावर पडली. त्याचं बनियन तिने फाडलं, जखम शोधू लागली. एकही जखम नव्हती. फक्त उजवी मांडी जांभळाच्या रंगाची होऊन सुजत चालली होती.

डॉक्टर आले तेव्हा सगळं थंड झालं होतं. उष्माघात, ते म्हणाले. या आठवड्यात हा चौथा.

गिरधरने मान हलवली. दार कोणीच परत लावलं नव्हतं. उंबऱ्यावरच्या धुळीत एक रुंद रेघ आली होती, आणि जाताना तिच्या शेजारून अनवाणी पावलं गेली होती.

५

गिरणेच्या काठी आपल्या गावी येऊन गिरधरला अकरा दिवस झाले. छगनच्या दहाव्याला तो गेला नाही. अंगात ताप आहे म्हणाला. दुपार झाली की तो घर सोडायचा, केळीच्या बागेत जाऊन बसायचा आणि सावल्या लांबल्यावर परत यायचा. बायकोने, सुनंदाने, दोनदा विचारून पाहिलं, मग विचारणं सोडलं.

त्या दिवशी बागेत पाणी सोडलेलं होतं, बसायला कोरडी जागा नव्हती. म्हणून तो लवकर उठून घराकडे आला. ओसरीवर धुरपदाबाई बसली होती. बसच्या धुळीने तिचं तोंड पांढरं झालं होतं. सुनंदा तिला वारा घालत होती.

"कधीन्या बठेल शेत तुम्हनी वाट दखत," सुनंदा म्हणाली. "धुळ्याकडथीन उन्यात. मायसंगे दोन पाव्हना शेत. ऊन लागी म्हनीसन त्यास्ले मझार बसाडं. एकना पायले लागेल शे वाटतं, बिचारा सरपटस."

गिरधर ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिला. त्याच्या आतल्या खोलीला दार नव्हतं, जुन्या लुगड्याचा पडदा होता. पडदा हलत नव्हता.

"माय," तो म्हणाला. "छगनले कसाले मारं?"

"मारं नही रे," धुरपदाबाई म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. ती खूप रडली असावी, पण कोणासाठी, ते कळत नव्हतं. "इचाराले गयथा तो. छगननी दार उघाडं, हात पुढे कया. तव्हय त्याले समजनं, हाऊ तो नव्हे. मझार जो व्हता, त्यानी उघाडं नव्हतं. पन तवलगून छगनना हात त्यान्हा आंगले लागी गयथा." तिने पदराने तोंड पुसलं. "आते दोन्ही इचारतस."

दूर शाळेची बाराची घंटा झाली. सुनंदा एकदा नवऱ्याकडे, एकदा म्हातारीकडे पाहत होती. तिला काहीच उमगत नव्हतं.

"सुनंदा," गिरधर म्हणाला, "तू नदीवर जाय."

"आते? ह्या उन्हमा?"

"जाय."

त्याचा आवाज ऐकून ती उठली. धुण्याची बादली घेतली आणि गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत तीन वेळा मागे वळून पाहिलं. ती दिसेनाशी झाल्यावर गिरधर म्हातारीसमोर उकिडवा बसला. गळ्यातली झोळी त्याने काढून बाजूला ठेवली.

"मझार मी व्हतू, माय. आडणा मी घाला. त्यान्ही हाक मी ऐकी. बठ्ठी ऐकी. शेवटनी तुन्हा नावनी बी."

इतके दिवस दोन शब्द वाटले होते, ते एवढे निघाले. बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आता ही आपल्याला मारील, निदान शिव्या देईल. त्याने गाल पुढे केला होता. धुरपदाबाईने त्याच्या दंडावर, जखमेच्या खुणेवर, हात ठेवला. अभिमनमधून आलेली गोळी तिथे शिरली होती. ती बराच वेळ तो हात तिथे दाबून बसली.

"मले सांगीसन काय उपेग, भाऊ," ती म्हणाली. "मी काय इचारत नही. मझार जाय. त्यास्ले सांग."

गिरधर उठला. ओसरी पाच-सहा पावलांची. आतून ओढल्याचा आवाज आला नाही, थाप आली नाही. पडद्याजवळ पोचल्यावर त्याला नुसता वास आला, सांडलेल्या डाळीचा आणि ओढ्याच्या पाण्याचा. पडदा जमिनीपासून टीचभर वर होता. त्या फटीतून त्याला सारवलेल्या जमिनीवर मांडी घातलेला एक गुडघा दिसला, आणि त्याच्या शेजारी लांब पसरलेला एक पाय. दोघं भिंतीला पाठ लावून बसले होते, जेवणाच्या पंगतीत बसतात तसे.

त्याने पडदा बाजूला केला. दोघांपैकी कोणीतरी सरकून त्याला मधे जागा करून दिली.